डोंगरआक्काचा चेहरा

"राक्षसीण पुन्हा परत पाठवली," अंजनी म्हणाली आणि खुर्चीत मटकन बसली.

हैदराबादच्या एका कार्टून कंपनीला मुलांच्या मालिकेसाठी डोंगरआक्का नावाची राक्षसीण हवी होती. अंजनीने काढलेलं तिचं चित्र पसंत पडलं तर अंजनीला तिथं पक्की नोकरी. नवरा केतन रेल्वेत. तो बदली मागायला राजी होता. अंजनी तर जबलपूर सोडायला एका पायावर तयार. खरं कारण जबलपुरातल्या महाराजपूर भागातल्या त्यांच्या घरातच होतं. सासूबाई. लग्न झाल्यापासून विनताबाई सुनेशी कामापुरतंच बोलत.

"आईंना एवढ्यात काही सांगू नकोस," तिने केतनला बजावलं. केतनने मान डोलावली.

कंपनीच्या प्रणोतीदीदींचं फोनवर एकच पालुपद होतं. "दात, शिंगं नकोत. पोरं घाबरली पाहिजेत, पण तिच्यावरून नजर हटता कामा नये. खरा चेहरा शोध."

खरा चेहरा घरातच होता. अंजनीने चोरून सासूबाईंचं नाक घेतलं, चढलेली भुवई घेतली. चित्रात जीव आला. नेमक्या तेव्हाच विनताबाई चहा घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कोण आहे ही?"

"रा... राक्षसीण आहे, आई. कार्टूनची." अंजनीची बोबडी वळली.

विनताबाईंनी चष्मा सारखा करून चित्र नीट पाहिलं. "अच्छा," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पारा चढलेलाच. मेथी निवडायला त्या मुद्दाम अंजनीसमोर, खिडकीशी बसू लागल्या. डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले. शेजारच्या शकुताईंशी स्वयंपाकघरात हसताना ऐकू येत. अंजनी आत गेली की हसू गायब. अंजनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात काही थांबला नाही. असा राग पुन्हा कुठं बघायला मिळणार?

"आईला काहून डिवचून राहिली तू?" केतनने विचारलं.

"मी? त्याच रोज माझ्याकडे तोफ वळवून बसून राहिल्या!"

शेवटी सगळे जेवायला बसले असताना फोन आला. डोंगरआक्का पसंत. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं.

अंजनीने धीर एकवटला. आता घरात महाभारत होणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

"आई, मला हैदराबादला नोकरी लागली. आम्ही दोघं जाऊ म्हणतो."

विनताबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे ती राक्षसीण पास झाली?"

"तुम्हाला कसं..."

"केतनच्या पोटात काही राहते काय?" विनताबाईंनी डाव्या हाताने गाल चोळले. "चलो, सुटले बाई एकदाची! तोंड वाकडं करून करून गाल दुखून राहिले माझे. तुझ्या त्या पहिल्या चित्रात मी फारच गरीब दिसून राहिली होती. म्हटलं, अशा राक्षसिणीवर पोरीला नोकरी कोण देणार?"