दुसरा कॅमेरा

“कॅमेरा घ्यायचाय, पीएच.डी. नाही,” दादा म्हणाला. तरी मी त्याच्या तीन वर्षांच्या लेकीला, ओवीला, दुकानातल्या स्टुलावर बसवलं. पसंत पडलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांना अंतर सारखं, उजेड सारखा आणि फ्लॅश चालू ठेवायचा, असं ठरवलं होतं.

पहिल्या फोटोत तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली लाल आली आणि डाव्याची पांढरी. फ्लॅशमुळे डोळे लाल दिसतात, हे मला माहीत होतं. पांढरं दिसणं मात्र कॅमेऱ्याचा दोष असणार, असं मी वहीत लिहिलं आणि तो कॅमेरा बाजूला ठेवला.

दुसरा वेगळ्या कंपनीचा होता. त्यातही उजवा लाल, डावा पांढरा.

“ताई, यातला कोणता पॅक करू?” दुकानदाराने विचारलं.

“थांबा हो, अजून निकाल लागायचाय,” दादा हसला.

दोन वेगळे कॅमेरे एकाच डोळ्यात एकच चूक करणार नाहीत. मी ओवीचा उजवा डोळा तळहाताने झाकला. डावा उघडाच होता, आणि दुकानात दिव्यांचा लखलखाट होता.

“आत्या,” ती शांतपणे म्हणाली, “लाइट गेली.”