पिठोरीचं वाण

आईनं खीर-पुरीचं ताट दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे धरलं आणि समोरच्या भिंतीकडे पाहत विचारलं, "अतीत कोण?"

पिठोरीला आई असं विचारते. पाठीशी बसलेलं लेकरू "मी" म्हणतं आणि ताट घेतं. कितीतरी वर्षं आईच्या पाठीशी यामिनी बसत होती, पण हातात मोबाइल धरून. मोबाइलमध्ये धाकटा भाऊ सचिन असे, टोरांटोहून.

"दीदी, फोन जरा नीचे करो, पंखा दिख रहा है," तो बहिणीशी बोलायच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाला, आणि त्याचा चेहरा तिथंच थिजला.

"अतीत कोण?" आईनं पुन्हा विचारलं.

"नेटवर्क गेलं, आई."

"मग लाव ना परत. हात भरून आले माझे."

यामिनीनं लावून पाहिलं. लागेना. ताट थरथरू लागलं, खीर काठाशी आली. बावन्नाव्या वर्षी मांडी घालून बसल्यानं तिचेही गुडघे ठणकत होते.

"मी घेते ना," ती म्हणाली.

"तू काहून? लेकाचं असते ते." आई हसली. "तुला तर तशीही कढईतलीच आवडते."

तेवढ्यात फोन लागला. सचिन घाईघाईनं "मी, मी" म्हणाला. ताट यामिनीनं उतरवून घेतलं.

"झाकून ठेव," आई म्हणाली. "उद्या गाईला घालू, त्याच्या नावानं. वाळला ना गं तो?"

यामिनीनं तिला हात देऊन उठवलं. दुखऱ्या दंडांना तेल चोळलं, झोपताना गोळी दिली.

सकाळी आई उठलीच नाही.

दुपारी शेजारच्या विनताकाकू बर्फाच्या लाद्यांवरची चादर सारखी करत होत्या. "परवा पोचते म्हणे सचिन. तोवर ठेवाच लागते, बाई. लेकाशिवाय ग्वारीघाटावर अग्नी द्यायला कसं नेता?" मग डोळे टिपत म्हणाल्या, "पण नशीबवान होती. जाता जाता लेकाला वाण देऊन गेली."

यामिनीनं मान हलवली. काकू चहा आणायला घरी गेल्या.

बर्फाचं पाणी फरशीवर पसरत होतं. तिनं ते फडक्यानं टिपून घेतलं, बादलीत पिळलं, आणि पुन्हा आईच्या उशाशी येऊन बसली.

"आई," ती म्हणाली, "मला पाहिजे होतं ते ताट. दरवर्षी."