दोन झडपा

भुताखेतांची झडप उतरवणारा धाकू घाडी अंगणात तांदळाचं रिंगण घालत होता, आणि रिंगणाच्या मधोमध पाटावर बसलेली गुणवंती, उताण्या पडलेल्या कुर्लीकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती.

तिच्या मांडीवर कोंबडा होता, पाय सुंभाने बांधलेला. छातीशी धरून बस, असं घाडी म्हणाला होता, म्हणजे झडप त्याच्या अंगात उतरेल. झडपा दोन. एक आज उतरवायची, दुसरी पुढल्या अवसेला. दोघी एकदम उतरत नाहीत, म्हणे.

ओटीवर सासू, बकुळा, शेजारणींना ऐकवत होती. आम्ही काय अडाणी नव्हेत, रत्नागिरीच्या मोठ्या डॉक्टरला दाखवलं. त्याने छातीला नळी लावली, फोटो काढला आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलंन, हिला दोन झडपा हायत. एक खाडीवरची, तिन्हीसांजेला एकटी जाळं धुवायला गेली होती तेव्हाची. दुसरी माहेरची. माहेराहून दुसरं काय आणलं होतंन हिने? ओवीसुद्धा आवशीने अर्धीच शिकवलीन. जात्यावर बसली की दुसऱ्या ओळीला हिची ओवी तुटते.

शेजारणी हसल्या. गुणवंतीलाही हसू येत होतं. पण हसायला श्वास लागतो, आणि तिच्यापाशी तो असा उधळण्याइतका नव्हता.

डॉक्टर घाटावरचा होता. खेड्यातल्या माणसांशी शुद्ध बोलावं, अशा मताचा. कागदावर काळीज काढून त्याने समजावलं होतं. लहानपणी सांधे सुजून ताप येत होता ना, त्यानेच ह्या काळजातल्या झडपा धरल्या. एक नीट उघडत नाही, म्हणून रक्त मागे छातीत तुंबतं. दुसरी नीट मिटत नाही, म्हणून पुढे गेलेलं रक्त परत फिरतं. एकीच्या आड दुसरीचं दुखणं दडतं, आणि एकच दुरुस्त केली तर सगळा भार दुसरीवर येतो. तेव्हा दोघींचं एकदमच करायचं, मुंबईला, दिवाळीच्या आत. पुढे धीर धरण्यासारखं नाही.

"म्हंजे वाल का?" गुणवंतीने विचारलं होतं. "लाँचीच्या इंजिनाला असतात ते?"

"तेच ते," डॉक्टर म्हणाला होता. "पण मराठीत झडपच म्हणावं."

नवरा, दत्ताराम, शेजारच्याच खुर्चीत होता. दोन्ही शब्द त्याने ऐकले. एसटीतून पूर्णगडला येताना मात्र एकच बरोबर आणला. झडप घरच्या अंगणात उतरते. वालापायी मुंबई गाठावी लागते, आणि नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. लाँच दर्यात होती, हंगाम चालू होता.

घाडीने रिंगण पुरं केलं आणि कोयती मागितली. दत्ताराम ती घेऊन खांबापाशी उभाच होता. आज लाँच सोडून घरी राहिला, एवढ्यावरच त्याचा चेहरा उपकार केल्यासारखा झाला होता.

"आषाढात तुम्ही इंजिन उघडलंत," गुणवंती त्याला म्हणाली. मध्ये थांबून तिने श्वास घेतला. "दोन वाल गेले होते. तेव्हा कोंबडा कापलात, का मिस्त्री आणलात?"

दत्तारामने कोयतीची धार अंगठ्याने चाचपली. "ते वेगळं," तो म्हणाला.

"मिस्त्री म्हणाला, एक बदलून भागायचं नाय. तेव्हा बरं कळलं तुम्हाला."

"ऐकलंत गो?" बकुळा शेजारणींकडे वळली. "बायको म्हंजे काय इंजिन हाय?"

"इंजिन असते, आये," गुणवंती म्हणाली, "तर कधीच मुंबईला पोचले असते."

शेजारणींपैकी एकीने पदर तोंडाला लावला. घाडी खाकरला. वेळ टळते आहे, असं कोणाकडेही न बघता पुटपुटला.

गुणवंतीने कोंबडा छातीशी धरला. पिसांखाली त्याचं काळीज उडत होतं, भराभर तरी ठेक्यात, पुरं उघडत, पुरं मिटत. जात्यावरच्या एखाद्या सबंध ओवीसारखं, शेवटच्या शब्दापर्यंत न तुटणारं. ती बराच वेळ ते ऐकत राहिली. सगळ्यांना वाटलं, झडप उतरते आहे.

मग तिने सुंभाची गाठ सोडली.

कोंबडा फडफडत खाली उतरला, अंग झाडलं, आणि धाकू घाडीच्या रिंगणातले तांदूळ टिपू लागला. बकुळा ओरडली. दत्ताराम कोयतीसकट वाकून पुढे धावला.

"ऱ्हाऊ दे त्याला," गुणवंती म्हणाली. "ह्या घरात एकाचं तरी काळीज धड हाय."