दुमडलेला कोपरा
महापौर निवडायला तीनदा मतमोजणी झाली, दोनदा खुर्च्या उडाल्या, तरी दोघांची मतं सारखीच. मग दुसऱ्या दिवशी चिठ्ठी उचलायला मला बोलावलं, कारण मला वाचता येत नाही. मी सुगंधा, भांडुपच्या प्रसूतिगृहातली आया. पालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि आमच्या प्रसूतिगृहाला टाळं लागलं, तेव्हापासून मला इथे सभागृह झाडायला ठेवलं होतं. घरी लेकीला नववा महिना लागलेला. माझ्या नवऱ्याची गिरणी संपात गेली, खाजगी दवाखाना कुठून परवडणार? सकाळीच मधुकर कारकुनाने मला जिन्याखाली गाठलं. "मावशी, कोपरा दुमडलेली चिठ्ठी उचल. आमचे साहेब महापौर झाले की पहिलं भांडुपचं टाळं काढतील." "नक्की ना रे?" "आईशप्पथ." लाज वाटली, पण मी हो म्हटलं. दुपारी मधुकरनेच सगळ्यांसमोर दोन नावांच्या दोन चिठ्ठ्या पितळी कळशीत टाकल्या. मी हात घातला. बोटांना एक चिठ्ठी लागली, कोपरा दुमडलेला. हायसं वाटलं. ती उचलणार तेवढ्यात दुसरी बोटाखाली आली. तिचाही कोपरा दुमडलेला. हात तसाच आत ठेवून मी मधुकरकडे पाहिलं, तर तो पंख्याकडे बघत होता. "बाई, उचला ना लवकर," अध्यक्ष खेकसले. पहिल्या रांगेत दोन्ही उमेदवार बसले होते. दोघेही माझ्याकडे बघून ओळखीचं हसत होते.