टपावरचा नंबर

गोराईच्या धक्क्यावर सागरी पोलिसांच्या साहेबांनी मच्छीमारांना बजावलं होतं, "आता समुद्रावर ड्रोन फिरणार. केबिनच्या टपावर बोटीचा नंबर रंगवा. वरून दिसला नाही, तर बोट संशयित." काल संध्याकाळी अर्बनने आपल्या बोटीवर तो रंगवला आणि रंगाला दव लागेल म्हणून बायकोने वर ताडपत्री बांधली. पहाटे निघताना ती काढायची राहिली. भर समुद्रात ड्रोन डोक्यावर येऊन थांबला आणि गस्तीची बोट त्यांच्याकडे वळली, तेव्हा अर्बनला ती आठवली. "ताडपत्री काढ रे आधी!" तो धाकट्या भावावर ओरडला. ग्लेनरॉयने गाठी सोडून ती खसकन ओढली. टपावर नुसते फराटे उरले. ओला रंग ताडपत्रीलाच चिकटून आला होता. अर्बनने ताडपत्री हिसकावली आणि तो उलटा नंबर ड्रोनसमोर उंच धरला. गस्तीवाल्यांनी बंदुका रोखल्या. भोंगा कडाडला, "हातातलं खाली टाक!" नंबर खाली गेला, तर बोट संशयित; अर्बनच्या मुठी काही सुटेनात.