पापांना आमचं नाव घ्यायला सांग

आमच्या किन्शासात गायक गाता गाता मध्येच चाहत्याचं नाव पुकारतो. त्या एका हाकेसाठी माणसं जीव टाकतात.

म्हातारे गायक पापा मासेंगो यांच्या भक्तांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप तर विचारूच नका. 'पापा म्हणजे माझा श्वास' याच्या खाली तिथे कुणी उतरतच नाही. सगळ्यात जुना भक्त कोण, यावरून किसिंबा आणि बोलुंबू रोज एकमेकांची अब्रू काढतात.

पापा दर रविवारी ज्या बारमध्ये गायचे, तिथल्या बारवाल्याने म्हाताऱ्याला बजावलं होतं, "या रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत तर पुन्हा येऊ नका, पापा." मी ग्रुपवर हात जोडले, "बाबांनो, या रे!"

"येणार म्हणजे येणारच, ताई," किसिंबाने लिहिलं. "पापांना आमची नावं तेवढी घ्यायला सांग."

सांगितली. सगळ्यांची.

रविवारी दुपारी बारमध्ये ऐकायला मी एकटी. पापांनी गिटार छातीशी धरली आणि एकेका रिकाम्या खुर्चीकडे वळून, हसून हाका मारल्या. "बोलुंबू! किसिंबा! न्गालुला!" गाणं संपायच्या आतच बारवाला मागच्या खुर्च्या एकात एक रचायला लागला होता.

हे सगळं मी मोबाइलवर टिपलं होतं; तो व्हिडिओ तसाच ग्रुपवर टाकला. म्हटलं, आता तरी लाज वाटेल मेल्यांना.

पहिलं उत्तर किसिंबाचं आलं.



"बोलुंबूचं नाव माझ्या आधी कसं काय?"