पाच गोळ्यांची पुडी

"लघवीला फेस कधीपासून येत होता, मावशी?" नर्स ओराथायनं विचारलं.

थोंगबाय लाजली. साठी उलटलेल्या बाईला लेकीसमोर असलं काही विचारतात का? "झालं असेल दीडेक वर्ष," ती पुटपुटली. "मला वाटलं, उन्हाचं बाधलं. नारळाचं पाणी पीत राहिले."

खोलीतली भाताची पोती बाहेर काढून भिंतींना नवा चुना दिला होता. जंतू नकोत म्हणून दार बंद, पंखा बंद. सायरुंगनं तोंडाला मास्क बांधला होता. खुंटीवरच्या पिशवीतलं औषधी पाणी नळीतून आईच्या पोटात जायचं, चार-पाच तास राहायचं आणि खाली ठेवलेल्या दुसऱ्या पिशवीत निघून यायचं. दिवसातून चार वेळा. मूत्रपिंडांनी हात टेकल्यावर त्यांचं काम आता या पिशव्या करत होत्या, आणि पिशव्यांचं काम करायला सायरुंग बँकॉकच्या शिवणकारखान्यातली नोकरी सोडून दीड महिन्यापूर्वी गावी आली होती.

नर्सनं भरलेली पिशवी खिडकीच्या उजेडात धरली. "पाणी स्वच्छ आहे. छान करतेस गं. अशी लेक मिळायला नशीब लागतं."

सायरुंगनं मान खाली घातली.

"आणि मावशी, त्या पुड्या? त्या किती वर्षं घेत होता?"

पुड्या म्हणजे काय हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. प्लास्टिकच्या पुडीत पाच रंगांच्या पाच गोळ्या, एकीवरही नाव नाही. लावणीच्या दिवसांत कंबर धरली की एक पुडी तोंडात टाकायची, की तासाभरात बाई पुन्हा चिखलात उभी.

"चार वर्षं," थोंगबाय म्हणाली. "गुडघे कसे लोण्यासारखे चालायचे."

"गुडघे चालले आणि मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, या पुड्यांनीच घात केला." नर्सनं पेन काढलं. "कोण आणून द्यायचं? ओरडायला नाही विचारत. त्यानं आणखी कुणाकुणाला दिल्यात ते मला बघायचंय. वेळेत कळलं तर माणूस वाचतं."

सायरुंगचा हात नळीच्या चिमट्यावर थांबला. तीच आणायची. कारखान्याच्या फाटकासमोरच्या दुकानातून, दर सणाला, पिशवी भरून.

"बुनमी," थोंगबाय पटकन म्हणाली. "आमचा शेजारी."

"कुठे भेटतील ते?"

"विहारात. मागच्या भिंतीत. गेल्या साली अस्थी ठेवल्या त्याच्या."

नर्सनं सुस्कारा टाकला आणि नाव लिहून घेतलं. खारवलेल्या माशाच्या रसाचा थेंबही नको, असं दोनदा बजावलं आणि स्कूटरवरून निघून गेली.

सायरुंगनं मास्क ओढून काढला. "आई, बुनमीकाकांनी जन्मात कुणाला साधी डोकेदुखीची गोळी दिली नाही."

"मग? तो काय भांडायला येणारे?"

"मी सांगायला हवं होतं. तोंडच उघडलं नाही माझं."

"बरं झालं नाही उघडलं ते! काय सांगणार होतीस? लेकीनं आईला विष चारलं म्हणून? आपल्या गावच्या बायका तुला ठाऊक नाहीत. भात शिजेपर्यंत गावभर करतील."

"विषच होतं ते." सायरुंगला रडू फुटलं. "फोनवर तुझा चेहरा गोल दिसायचा. मी कारखान्यातल्या पोरींना दाखवायची, बघा, माझी आई कशी भरलीय. सूज होती गं ती, आणि मी मिरवत होते."

"मलाही बरंच वाटायचं की," आई म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वरच्या आळीची खामपुन मावशी. बांबूच्या डब्यात चिकट भात घेऊन धापा टाकत वर आली आणि दारातच बसली.

"अगंबाई थोंगबाय, काय दशा करून घेतलीस! लेक घरी आली आणि आई वाळली? जेवायला घालते की नाही ही?"

"घालते गं. पिशवीतून पाणी घालते," थोंगबाय म्हणाली, आणि दोघी हसल्या.

खामपुन मावशीनं सपाता काढून पाय पसरले. "सायरुंग, बरी सापडलीस. माझ्या पुड्या संपल्या बघ. सणाला दिल्यास त्या पुरवून पुरवून खाल्ल्या. पुन्हा कधी आणतेस?"

"ती आता बँकॉकला जात नाही," थोंगबाय घाईघाईनं म्हणाली. "तुला मलम देते माझ्याकडचं, चांगलं आहे."

सायरुंगचं लक्ष मावशीच्या पायांकडे होतं. सपातांच्या पट्ट्यांचे खोल वळ उठले होते. घोटे कुठे होते ते कळत नव्हतं. ती सरकत सरकत पुढे गेली, नर्स आईची सूज बघायची तसा मावशीच्या नडगीवर अंगठा टेकवला आणि दाबून धरला.

"सायरुंग," आई म्हणाली. "राहू दे."

तिनं अंगठा उचलला. तिथे खड्डा राहिला. ती भरून येण्याची वाट बघत बसली. खड्डा भरला नाही.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "त्या पुड्या तुमच्याखेरीज आणखी कोण खातं?"

"कोण म्हणजे? माझी सून खाते, विहिणीला चार पाठवल्या. सगळे नाव काढतात तुझं." खामपुन मावशीनं वाकून कौतुकानं तिच्या गालावरून बोटं फिरवली. "तुझ्या हाताला गुण आहे हो, पोरी."